स्वखुशीने सोडताय ना?

९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का? नसेल तर वाफ घे, नुसत्या गोळ्या खात बसू नकोस. इकडे सगळं ठीक आहे.

घराचं सांगते. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. वीजबिल अजून बाबांच्याच नावाने येतं. मृत्युपत्र करा म्हटलं की "मी काय इतक्यात जातोय?" म्हणायचे, आणि गेले तसेच. आता त्यांचं एक नाव बदलताना आपल्या नाकी नऊ आले आहेत. वारस तू आणि मी, दोघेच, त्यामुळे वकिलांच्या मते काम सोपं. मी माझा हिस्सा सोडायचा, घर तुझ्या नावावर होणार आणि तू ते विकायला मोकळा.

तर परवा सही करायला गेले होते. वकिलांनी तुला फोन केला असेलच. त्यांनी सांगितलं त्यात खोटं काही नाही, पण चिडून सांगितलं असेल, म्हणून मी लिहिते आहे. दोनदा उठून चहा केला, पत्र काही पुढे सरकेना.

नोंदणी करणाऱ्या साहेबांनी वर न बघताच विचारलं, "हिस्सा स्वखुशीने सोडताय ना?" माझ्या आधीच्या बायका "हो" म्हणून, अंगठा टेकवून गेल्या होत्या. मी म्हटलं, "नाही."

साहेबांनी चष्मा काढला. वकील कानाशी कुजबुजले, "अहो ताई, इथे नुसतं हो म्हणायचं असतं!"

"मग विचारतात कशाला?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. कागद परत देत म्हणाले, "मग हे आज होणार नाही."

धाडसबिडस काही नव्हतं रे. तोंडातून खरं निघून गेलं, आणि बाहेर आल्यावर परत आत जाऊन हो म्हणावंसं वाटेना.

तू म्हणशील, ताईला हाव सुटली. तसं नाही. मी हे पत्र आपल्या घरातूनच लिहिते आहे. शिलाई मशीनही आणलं आहे, आणि दोन दिवसांच्या माहेरपणाला कुणी मशीन घेऊन येत नाही. तुझ्या भाऊजींकडे मी परत जाणार नाही. कारण फोनवर विचारू नकोस. उजवा हात आता खांद्याच्या वर जातो, शिवता येतं, एवढंच सध्या पुरे.

घर विकू नकोस. दोघांच्या नावावर करू. तुलाही अडचणी आहेत, ते कळतं मला. पण तुझ्याकडे राहायला दुसरं छप्पर आहे, माझ्याकडे नाही. ऐकलं नाहीस तर भांडेन. तुझ्याशी भांडायला मी कधीच घाबरले नाही.

सुट्टी काढून ये. शेजारी किल्ली मागू नकोस, दार वाजव.

आत आहे,
तुझी ताई