बाबांची काळी वायर

मंगळवार, संध्याकाळ

तीन दिवस मी प्रोजेक्टच्या एका सर्किट बोर्डावरून 'जयभीम' पाठवतेय आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर नुसती कचरा अक्षरं उमटतायत. उद्या कॉलेजात डेमो, म्हणजे वाट लागलीच होती. वायरी बदलून झाल्या, स्पीड जुळवून झाला. बाबा मागून म्हणाले, "दोघांचं अर्थिंग एक केलंस का गं?" मी खेकसले, "बाबा, हा तुमचा जयंतीचा साउंड नाहीये!" ते चहा ठेवायला गेले. तेवढ्यात म्हटलं, बघू तरी, आणि टेबलावरची काळी वायर उचलून दोन्ही बोर्डांच्या ग्राउंडला, म्हणजे बाबांच्या अर्थिंगलाच, लावली. स्क्रीनवर स्वच्छ 'जयभीम'! आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर जोडलेल्या माणसावर खेकसले मी? सॉरी म्हटलं, तर म्हणाले, "चहा घे आधी."

आत्ता लिहिताना लक्षात येतंय, माझ्या किटमध्ये काळी वायर नव्हतीच. ती बाबांनी रविवारीच, पहिल्यांदा कचरा उमटला त्याच दिवशी, टेबलावर आणून ठेवली होती.