चालू असलेलं एकच मशीन

१२ जानेवारी, सोमवार

त्या विजयश्रीचं वाटोळं होवो!

कासारवाडीच्या चार्जिंग स्टेशनवर मशिनं तीन. एकाचा स्क्रीन दिवाळीपासून काळा. दुसऱ्यापुढे कुणाची तरी पेट्रोलची गाडी कायमची उभी — मालक वर तोंड करून म्हणतो, "बॅटरीवाल्यांनी रस्ता विकत घेतलाय का?" उरलं एक. त्याच्यावर आम्ही सगळे रिक्षावाले कुत्र्यांसारखे भांडतो.

आज सकाळी मशीनची गन रिक्षाला लावून चहाला गेले. परत येते तर गन विजयश्रीच्या रिक्षात! माझं चार्जिंग अर्धंसुद्धा नाही. ओरडले, "दुसऱ्याची गन उपसायला लाज नाही वाटत?" तर म्हणे, "तुझं बंद पडलं होतं. मोकळं मशीन मी का सोडू?" खोटारडी!

घरी नवऱ्याला सांगितलं. धनेश जेवता जेवता म्हणाला, "कशाला पडतेस असल्या भानगडीत? सोड ना ती रिक्षा." त्याला काय जातंय बोलायला!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. स्टेशनवर सगळ्यांना तीळगूळ दिला. विजयश्रीला सोडून.

१६ जानेवारी, शुक्रवार



पुन्हा तेच. गन लावून पाच मिनिटं बाजूला गेले, आले तर तिच्या रिक्षात. भांडायलाही वेळ नव्हता — दवाखान्याच्या दारात ठकुबाई थांबली होती. चाकणची म्हातारी, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, माझ्याशिवाय कुणाच्या रिक्षात बसत नाही. काटा बघून वाटलं, पोचू कसंबसं.

नाही पोचलो. मोशीच्या पुढे, भर ट्रॅफिकमध्ये, दोन ट्रकच्या मधोमध रिक्षा मेली. मागे कंटेनरचा हॉर्न, वर त्याचा ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देतोय. म्हातारीच्या डोळ्यावर पट्टी. तिला धरून कडेला आणेपर्यंत एक डंपर पदराला घासून गेला.

"मला दिसंना, आन् तू हितं उतरवतीस व्हय गं? तुज्या रिक्षात पुन्हा न्हाई बसायची मी!"

तिला दुसऱ्या रिक्षात बसवलं. माझी रिक्षा दोरीनं ओढत स्टेशनवर आणली. आणि सरळ जाऊन विजयश्रीच्या झिंज्या धरल्या! लोकांनी सोडवलं. ती रडत ओरडत होती, "आईशप्पथ, बंद पडल्यावरच काढली!" मी थुंकले.

१७ जानेवारी, शनिवार

चार्जिंगवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केला. त्या बाईला ब्लॉकच करा म्हटलं. माणूस पाठवतो म्हणाले.

२० जानेवारी, मंगळवार

माणूस आला. निरंजन नावाचा, मशिनं दुरुस्त करणारा. त्यानं लॅपटॉपवर सगळं काढलं.

"ताई, चालू असताना गन कुणी उपसली नाही. दोन्ही वेळा ॲपवरून स्टॉप दाबलंय. तुमच्याच नंबरवरून."

"माझा फोन माझ्याजवळ होता!"

त्यानं नंबर वाचून दाखवला. धनेशचा. ॲप त्यानंच घालून दिलं होतं, त्याच्या नंबरवर. त्याच्याही मोबाइलमध्ये ते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

धनेश शिफ्टवरून आला तसं विचारलं. नाही म्हणण्याचीही तसदी घेतली नाही त्यानं.

"हो, मीच. कंपनीच्या गेटवर पोरं दात काढतात — धनेशभाऊ, वहिनी आल्या बघा, चाकण चौकात सोडतात का विचारा! म्हटलं, दोन-चारदा रस्त्यात अडकलीस की बसशील गप घरी."

"आणि ती म्हातारी? डंपरखाली आली असती म्हणजे?"

"आली का?"

एवढंच. मग टीव्ही लावला.

२१ जानेवारी, बुधवार

घर सोडलं. रिक्षा माझ्या नावावर आहे, ती घेऊन निघाले. कुठे जायचं ते सुचेना.

विजयश्रीनं दार उघडलं. आधी एक कचकचीत शिवी घातली. मग माझ्या हातातली बॅग आत घेतली.