वाजवून बघितलेली काच

आई, काल पुण्यातल्या एका संग्रहालयात मी ओरडा खाल्ला. तिथं काही ठरवून गेले नव्हते. चपलेचा अंगठा तुटला, चांभार शोधत निघाले, समोर मोठं दार दिसलं, आत गार होतं म्हणून शिरले. तुला माझं माहितीच आहे, दळण आणायला पाठवलीस तर मी बस स्टँडवर सापडायची. फोनमध्ये मावशीचा निरोप पडून होता: "माझे गुडघे गेले गं. नवरात्राच्या आत काय ते सांग. न्हायतर देवळाच्या रस्त्यावरची आपली बांगड्यांची जागा दुसऱ्या कुणाला देते." तू गेल्यापासून तुझी ही बहीणच बसते तिथं. देऊन टाक, असं मी सांगणारच होते. मला कुठं एका जागी बसवतं?

आत एका चौथऱ्यावर काच ठेवलेली, आजकालच्या कुणा कलाकाराची. भांडं नाही, मूर्ती नाही, कशासारखीच नाही. हिरवी, मधेच पिवळट, कमरेएवढी उंच, स्वतःभोवती पीळ घेत वर गेलेली आणि वर तोंड मिटायचं राहून गेलेलं. बांगड्यांची अख्खी लड विस्तवात एकजीव झाली तर अशी दिसेल. लोक फोटो काढून पुढं जात होते. मी मात्र तडा शोधत बसले. आणि मग आपल्या घरची जी सवय, ती झालीच. नखानं टिचकी मारली.

मी लहान आहे, तू मला मांडीशी बसवून लडच्या लड अशी वाजवायला लावतेस. मी एकदा नुसती बघूनच एक पुढं करते, आणि वाशीहून आलेल्या त्या बाईच्या मनगटात ती मोडते, रक्त येतं. तू पदर दाबून धरतेस, दुसऱ्या भरतेस, बाई रीतीप्रमाणं तुला वाकून नमस्कार करून जाते. मग माझ्याकडं वळून म्हणतेस, "डोळ्याला तडा दिसत न्हाय. ऐकायचं असतं."

काच खणखणीत वाजली. तिथली राखणीची बाई धावत आली. "ए बाई! हात लावू नये लिवलंय, वाचता येत न्हाय व्हय? फुटली असती म्हंजे?"

"तडा नाहीये," मी म्हणाले.

"तुला काय कळतं गं?"

"आमची बांगड्यांची जागा आहे. तुळजापूरला."

तिचा आवाज एकदम खाली आला. "मी तिकडचीच, जळकोटची," म्हणाली. इकडंतिकडं बघितलं आणि हात पुढं केला. "सांग मग, माझं माप काय?"

हात रुंद, कोरडा. मी तुझ्यासारखा अंगठ्याच्या बुडाशी दाबला, बोटं जुळवली. मऊ पडला. "दोन-सहा."

"बराब्बर!" ती हसली. आणि एकही बांगडी भरली नसताना, सवयीनं, तिनं वाकून मला नमस्कार केला. एवढी मोठी बाई. हात कुठं ठेवावेत तेच मला सुचेना. तू काय करायचीस गं तेव्हा? मी कधी बघितलंच नाही, मी खाली मान घालून लड वाजवत असायची.

बाहेर येऊन मावशीला फोन लावला. येते म्हणाले. "किती दिस टिकशील?" तिनं विचारलं. मी फोन ठेवला आणि पुन्हा चांभार शोधायला निघाले.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून बॅगेतच राहील. मावशीला बोलले नाही, तुलाच सांगते. दोन-सहा मी अंदाजानं ठोकलं होतं.