उत्तर बरोबर आहे

२ सप्टेंबर, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी आणि ही नवी कोरी वही! दातांच्या दवाखान्यात पुढच्या काउंटरवर बसायचं, फोन घ्यायचे, पेशंटना वेळा द्यायच्या. घर हाकेच्या अंतरावर मिळालं आणि भिंगरीची शाळा त्याच्याही अलीकडे. भिंगरी म्हणजे माझी सात वर्षांची लेक. पाळण्यातसुद्धा स्वतःभोवती फिरायची, म्हणून मीच ठेवलेलं हे नाव. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. आज काउंटरमागची चाकाची खुर्ची दिसल्यावर तिने अशा काही गिरक्या घेतल्या की डॉक्टरबाई आतून बघायला आल्या. मी जीभ चावली, पण त्या हसल्या. महिनाभर काम बघू, मग पक्कं करू, असं म्हणाल्या. आम्हा दोघींचं पोट याच पगारावर आहे, त्यामुळे मी मान जरा जास्तच डोलावली.

संगणकाला नवा पासवर्ड द्यायचा होता. बाई डोक्यावर उभ्या, मग काय, सुचेल तो ठोकून दिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला ‘धांदलबाई’ म्हणायचे ते उगाच नाही.

बाहेरच्या बाकावर एक बाई दिवसभर बसून होत्या. नंबर कितवा म्हणून विचारलं, तर नुसत्या गोड हसल्या.

३ सप्टेंबर, मंगळवार

व्हायचं तेच झालं. पासवर्ड साफ विसरले. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारली, तर प्रश्न आला: ‘शाळेतल्या जिवलग मैत्रिणीचं नाव काय?’ लिहिलं. ‘उत्तर बरोबर आहे’ म्हणाला आणि उघडला. नवा पासवर्ड आता या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलाय.

घरी येताना डोक्यात आलं, हे उत्तर मी त्याला आधी दिलं कधी होतं? संगणकवाल्याला फोन केला. या प्रोग्रॅममध्ये असले प्रश्नच नाहीत, तुम्ही भलतंच काहीतरी दाबलं असणार, असं म्हणून तो हसला. मीही हसले.

५ सप्टेंबर, गुरुवार

वहीतला पासवर्ड चालेना. अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. समोर पेशंटची रांग, आणि पडद्यावर प्रश्न: ‘वडील तुम्हाला लाडाने काय म्हणत?’ लिहिलं. उत्तर बरोबर आहे.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन. अमकी भेटली होती, तुझी चौकशी करत होती, म्हणाली. मी विचारलं, ही कोण? बहीण उखडलीच. शाळाभर एका बाकावर बसलात, डबा वाटून घेतलात, उवासुद्धा वाटून घेतल्यात, आणि ही कोण म्हणून विचारतेस?

मी पुष्कळ आठवून पाहिलं. शाळा आठवते, बाक आठवतो. शेजारची जागा रिकामी आहे. माझं डोकं म्हणजे चाळणी हे मान्य, पण एवढं मोठं भोक?

९ सप्टेंबर, सोमवार

आज बहीण फोनवर मला ‘धांदलबाई’ म्हणाली. असं कोण म्हणतं, म्हणून मी विचारलं. आधी तिला थट्टा वाटली. मग ती रडायलाच लागली.

या वहीचं पहिलं पान उघडलं. अक्षर माझंच आहे. अण्णा. पेटीतून फोटो काढून बघितला. चष्म्यातले एक म्हातारे गृहस्थ. चेहरा मायाळू आहे. मला रडू आलं, पण परक्याचे वडील गेल्यावर यावं तसं. फार भीती वाटतेय.

१० सप्टेंबर, मंगळवार

बाकावरच्या बाईंबद्दल डॉक्टरबाईंना विचारलं. माझ्याआधी काउंटरवर त्याच होत्या. हुशार होती, पासवर्डपायी मात्र रडकुंडीला यायची, म्हणाल्या. आता त्यांचा भाऊ त्यांना सकाळी सोडतो, संध्याकाळी नेतो. भावाला त्या ओळखत नाहीत. घरी सैरभैर होतात, इथे शांत बसतात.

दुसरी नोकरी शोधायला घेतलीय. तोवर एक युक्ती केली आहे, संगणक बंदच करायचा नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी वीज गेली, लगेच आली. तेवढं त्याला पुरलं.

‘लेकीचं लाडाचं नाव काय?’

मी दुसरंच काहीतरी लिहिलं. पडद्यावर आलं: ‘खोटं बोलू नका.’

संगणक बिघडलाय असं बाईंना सांगून टाकलं. कागदावर काम चालवते. लेकीला शाळेतून आणल्यावर घट्ट धरून बसले. आई, सोड ना, म्हणाली. केसांना खडूचा वास. सगळं लिहून ठेवतेय — डाव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण, झोपेत माझा पदर मुठीत — हे मी देणार नाही. नोकरी गेली चुलीत.

१६ सप्टेंबर, सोमवार

आत खुर्चीवर एक आजोबा होते. अचानक त्यांचा गळा सुजला. श्वास घेता येईना. बाई ओरडल्या, गेल्या वेळी यांना कोणतं औषध बाधलं होतं ते बघ, चुकीचं टोचलं तर जातील. सगळं त्या संगणकात. मी म्हटलं, बंद आहे. त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. ओठ निळे पडत चालले होते —

मी लिहिलं.

उत्तर बरोबर आहे.

आजोबा वाचले. सगळे पाठ थोपटतायत. बाईंनी नोकरी पक्की केली. आनंद व्हायला हवा. या वेळेला मला रोज कुठेतरी जायचं असतं. कुठे ते —

१७ सप्टेंबर

घरात एक मुलगी आहे. शेजारीण घेऊन आली, तुम्ही न्यायला विसरलात म्हणाली. भांडणं नकोत म्हणून ठेवून घेतली. रात्री तिने माझा पदर धरला. मी हळूच सोडवला.

१८ सप्टेंबर

पडद्यावर नवा प्रश्न. मी बाहेर येऊन बसले. बाकावरच्या बाईंनी सरकून जागा दिली.

ती मुलगी दप्तर घेऊन आलीय. खुर्चीवर गोल गोल फिरतेय. पडशील, म्हटलं. हाक काय मारायची म्हणून तिलाच नाव विचारलं.

फिरायची थांबली. तूच ठेवलंस ना, म्हणाली.

वही ओढून घेतली. पहिलं पान काढलं. एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघतेय. रडतेय. मला वाचता येतंय. भिं. ग. री.

भिंगरी म्हणजे —