मीठ शे का

माय, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुला पत्र लिहायला बसले आहे, तेही शाळेच्या जुन्या वहीतल्या पाठकोऱ्या कागदांवर. तुला फक्त छापलेलं वाचता यायचं, तेही मोठ्या अक्षरातलं, खाली बोट ठेवून. माझं लिहिलेलं बघितलंस की आपल्या अहिराणीत म्हणायचीस, "ह्या मुंग्या शेत का अक्षर?" तेव्हा हे तुला वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच लिहायची हिंमत झाली. दुपारचे चार वाजलेत. जळगावचं ऊन तुला माहीत आहे, चारला काही उतरत नाही. तुझे जावई आतल्या खोलीत पंख्याखाली पडलेत. नाताळ झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यांना लकव्याचा झटका आला. चर्चच्या मंडळीत गीतांना ढोलकी वाजवणारा तो उजवा हात आता मी उचलून उशीवर ठेवते. तोंडातून एकच शब्द नीट येतो, "बरं". चहा देऊ का, बरं. कूस बदलू का, बरं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतकं ऐकणारा नवरा मला आत्ता मिळाला, असं मी परवा त्यांना म्हटलं तर अर्ध्या तोंडानं हसले.

लोक येतात, माय. सफरचंदं आणतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि जाताना दारात चप्पल घालत सांगतात, "बाई, ही प्रभूनं घेतलेली परीक्षा आहे." मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत परीक्षा घेतल्या. मुलं चांगली अभ्यास करत असताना मध्येच उठून कुणाचा हात मोडून बघायचा, ही कुठली परीक्षा? पण बोलत नाही. "देवाची कृपा आहे, चाललंय" असं म्हणते आणि कडी लावते. खोटं बोलते. फेब्रुवारीपासून मी प्रार्थनाच केलेली नाही. रविवारी उपासनेला मंदिरात उभी राहते, ओठ हलवते, आत काहीच नसतं. आणि गंमत अशी की आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी उघडून सगळ्यांच्या विनंत्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे, आठ वर्षांपासून. शिक्षिकेचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो म्हणून दिलं.

चिठ्ठ्यांचा विषय निघाला की मला धुळ्याचं ते वर्ष आठवतं. बापू गेल्याला दोन वर्षं झाली होती. तू दवाखान्यात आया होतीस, कामावर गेलं तर मजुरी. फिनेलच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर तुझा पाय सरकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. भाकरी थापायचं काम अकरा वर्षांच्या माझ्यावर आलं आणि तू शेजारी बसून डाव्या हातानं हवेत थापून दाखवतेस, "अशी फिरव, अशी." माझी भाकरी तव्यावर टाकताना हमखास तुटते. तू तुटलेले तुकडे स्वतःकडे ओढतेस, धड अर्धी माझ्या ताटात ठेवतेस आणि जरा वेळानं तेही तुकडे माझ्याकडे सरकवतेस. "मनं व्हयी गयं." तुझं काही झालेलं नसायचं. मी पाठमोरी झाले की तू तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायचीस, मला आवाज यायचा. आणि सकाळी मी शाळेला निघाले की दारात बजावायचीस, "कोनले सांगू नको." वॉर्डातल्या लोकांचं सगळं निस्तरणारी तू, पण कुणापुढे हात पसरायचा म्हटलं की तुझी मान ताठ व्हायची.

मी कुणाला सांगितलं नाही. पेटीत टाकलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता तो, झाकणाला चीर पाडलेला, मंदिराच्या दाराशी ठेवलेला. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही असा आपल्या पाळकसाहेबांचा नियम होता. ते म्हणायचे, प्रभूला पत्ता ठाऊक असतो. मी वहीचं पान फाडून लिहिलं, "एका घरातली आई जेवत नाही. माझं झालं म्हणते, पण झालेलं नसतं. प्रार्थना करा." पाळकसाहेबांनी ती वाचली तेव्हा मी खाली मान घालून बाकाच्या फटीत नख घालत होते. वाटलं, आता तुला कळणार आणि घरी गेल्यावर डाव्या हातानं का होईना, मला मार बसणार. आणि तू उठून उभी राहिलीस. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, डोळे मिटलेले. आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागलीस त्या बाईसाठी. प्रभो, तिला भूक लागली असेल, तिला कुणीतरी दे, तिची लाज राख. तुला वाटत होतं तुझं ते "व्हयी गयं"चं नाटक कुणालाच कळलेलं नाही, तेव्हा ती बाई तू असूच शकत नव्हतीस. माय, मला रडावं की हसावं ते कळेना. आजही कळत नाही.

पण तू एवढ्यावर थांबणारी कुठली. दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा पुढे ओढलास. आत चार दिवसांचं पीठ होतं. निम्मं काढून फडक्यात बांधलंस आणि माझ्या हातात दिलंस. "पाळकीणबाईले दी ये. त्या घरले पोचाडी देतीन." मी म्हटलं, आपल्यालाच नाही. तू एवढंच म्हणालीस, "आपलाकडे शे ना दोन दिवसनं." मी निघाले आणि पांझरेच्या पुलावर बसून राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल. आपल्याच घरचं पीठ, आपल्याच घरासाठी, आणि मी ते गावभर घेऊन हिंडते आहे. वाटलं, इथं कुणी बघत नाही, तसंच परत न्यावं आणि गुपचूप डब्यात ओतावं. तू एका हातानं डबा कितीदा उघडणार होतीस? बराच वेळ बसले. मग गेलेच, कारण तुझ्याशी खोटं बोलायचं तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

पाळकीणबाई आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवायच्या, त्यांनी माझं अक्षर ओळखलेलं असणारच. त्यांनी विचारलं, "कुणी पाठवलं?" मी म्हटलं, आईनं, त्या चिठ्ठीतल्या घरासाठी. मला वाटलं पीठ परत देतील. नाही दिलं. फडकं सोडून पीठ आपल्या डब्यात ओतलं, फडक्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि मला पाटावर बसवून गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. म्हणाल्या, "तुझ्या आईचं देणं मी परत केलं तर तिच्याकडे काय राहील?" तेव्हा हे मला अजिबात पटलं नव्हतं. मी आपली जेवले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा वॉचमन ज्वारीचं अर्धं पोतं आपल्या दारात टाकून गेला, मंडळीकडून आहे म्हणाला. तू पोत्याशेजारीच गुडघे टेकलेस.

मग ही तुझी साक्ष झाली. प्रत्येक सभेत, प्रत्येक घरी. फडकंभर पीठ दिलं आणि प्रभूनं अर्धं पोतं पाठवलं. मी डी.एड.ला असताना एकदा सुट्टीत घरी आले होते, मोठी शहाणी होऊन. तुला म्हटलं, "देवानं नाही, माणसांनी पाठवलं." तू शेंगा सोलत होतीस, वरसुद्धा बघितलं नाहीस. "मंग माणसेस्ले कोणी धाडं?" चिठ्ठी माझी होती हे तेव्हा अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्यात तुझी साक्ष मोडली असती. गिळलं. पण मनात धरून ठेवलं, की आपल्या आईची श्रद्धा माझ्या वहीच्या एका पानावर उभी आहे. किती वर्षं धरून ठेवलं म्हणून सांगू. आता मात्र एक आठवतं. साक्ष सांगताना तू मंडळीत सगळ्यांकडे बघायचीस, माझ्याकडे कधी बघायची नाहीस. तुला कळलं होतं का गं?

आणि ते मीठ. प्लास्टर निघालं आणि दर शनिवारी दिवस मावळायच्या आधी तू वस्तीत फिरायला लागलीस. कुणाच्याही दारात उभी, "मीठ शे का चिमूटभर?" बाई मीठ आणायला वळली की तू मागोमाग स्वयंपाकघरात. चूल पेटली आहे का, पिठाच्या डब्याला हात लागतोय का, पोरांची तोंडं कशी आहेत, सगळं त्या चिमटीभर वेळात बघून घ्यायचीस. मीठ दिलेल्या बाईची मान ताठच राहायची, कारण देणारी ती होती. मग रविवारी पाळकीणबाईंच्या कानाला लागायचीस. तुला कुणी नेमलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या घरी मीठ पुरत नाही का? आपल्याकडे मिठाचे पाच डबे झाले होते. तुझ्या मातीला चोपड्यापासून माणसं आली, त्यातल्या कितीतरी बायांना मी ओळखतही नव्हते. तुला अक्का म्हणणारी एक बाई म्हणाली, "अक्कांनी आमच्याकडून फार मीठ नेलं" आणि पदर तोंडाला लावून रडली.

आता गेल्या रविवारचं सांगते. शनिवारी मी डाव्या हातानं एक चिठ्ठी लिहिली, अक्षर कळू नये म्हणून. "एका घरात माणूस आजारी आहे. त्याच्या बायकोला आता प्रार्थना करता येत नाही. तिच्यासाठी कुणीतरी करा." पेटीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी मीच काढून मीच वाचली, मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात, जशी कुणा परक्याची. तुझीच मुलगी आहे मी. उपासना संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. पहूरकडची आहे, डाळ मिलमध्ये निवडायला जाते, नवरा दोन वर्षं अंथरुणात राहून गेला तिचा. माझ्याशी कधी दोन शब्दांपलीकडे बोलली नाही. सोमवारी घरी येते म्हणाली आणि खरंच आली. पिशवीत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ होतं आणि भरिताची दोन वांगी. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, "बाई, चिठ्ठीतल्या त्या घरी पोचवा. आजारी माणसाच्या घरची बाई स्वतःसाठी कधी रांधत नाही, चहा-टोस्टवर राहते. प्रार्थना मी करते म्हणावं तिच्यासाठी, तिनं नाही केली तरी चालेल." जाताना वळून म्हणाली, "उशीर नका करू. वांगी आजच भाजायला सांगा."

सकाळपासून मी चार टोस्ट खाल्ले होते, माय. वांगी भाजली. भाकरी थापली, ती तुटली नाही. तुझ्या जावयांना बारीक कुस्करून भरवली आणि मग ओट्याशी उभ्या उभ्याच मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि तिसरी टाकली. रडले पण. त्यांनी आतून "बरं?" असं विचारलं, शब्दाच्या शेवटी आवाज वर नेऊन. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. प्रार्थना मला अजून येत नाही. पण कुणीतरी डाळ निवडता निवडता माझ्या वाट्याची करतं आहे हे कळल्यापासून रिकामं वाटत नाही. दुःखानं माणूस आपोआप देवाजवळ जातो यावर माझा आजही विश्वास नाही. तुझा हात मोडला नसता तर मात्र दुसऱ्याचा न उघडलेला डबा तुला दारातून दिसला नसता, एवढं मी मान्य करते. उशीर झाला मान्य करायला.

हे पत्र कुठे टाकू? पेटीत टाकायचं मनात आलं, पण उघडणारी मीच. वहीतच राहू दे. ऊन उतरलंय, आज शनिवार आहे, आणि शेजारची मुलगी तासभर त्यांच्याजवळ बसायला तयार आहे. त्या पहूरवाल्या बाईचं घर मिलच्या मागे आहे एवढं विचारून ठेवलंय. चार दिवसांचं पीठ असताना निम्मं दिलेलं असतं कुणीकुणी, आपल्याला माहीत आहे. मी तिच्याकडे चिमूटभर मीठ मागायला निघाले आहे. घरात मीठ भरपूर आहे, माय.