आजोबांचा सा आणि लादीवाले काका

१ मार्च, सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. आजपासून पहाटे पाचला रियाजही. पण उठलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, म्हणून रियाज उद्यापासून. रोजनिशी मात्र ठरल्या दिवशी सुरू केली, याची नोंद व्हावी.

दारावर पाटी लावली : 'गायन व शुद्ध भाषा. घराण्याच्या पद्धतीने शिकवले जाईल.' आजोबा, म्हणजे आईचे वडील, गाण्याचे नावाजलेले शिक्षक. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण फोटोतलं नाक थेट माझं आहे. आडात आहे, म्हणजे पोहऱ्यात येणारच.

आईला हे ऐकवलं. ती म्हणाली, अरे, पण पोहरा आडात सोडावा लागतो. वर म्हणाली, पाटी झाली, आता दाराला तेल घाल, दिवसभर कोमल गंधारात कुरकुरतंय. कलेची गोष्ट काढावी तर हिला तेलमीठ सुचतं.

३ मार्च

पहिला शिष्य! कोपऱ्यावरच्या लाद्यांच्या दुकानाचे मालक. साठीच्या घरातले. डोक्यावरून लाद्या वाहण्यापासून सुरुवात केली, आज तीन मजली दुकान आहे. डोळे मिटून, बोटाच्या पेरानं ठोकून, लादी कुठे तडकलीय ते सांगतात. आल्या आल्या आमच्या जमिनीवर चप्पल आपटून म्हणाले, मास्तर, दारातली तिसरी पोकळ आहे.

काम असं : त्यांच्या आईचा त्र्याऐंशीवा वाढदिवस ३० तारखेला. गेले तीन महिने म्हातारी बोललेलीच नाही. डॉक्टर म्हणतात, कान धड, घसा धड. नुसती खिडकीतून बघते. मुलाकडेही खिडकीसारखंच बघते. पूर्वी शिवणाच्या मशीनवर बसून ती एक गाणं म्हणायची. काकांना तेवढंच शिकायचंय. म्हणाले, चाल डोक्यात आहे, पण गळ्यातून निघत नाही. ते ऐकून एक शब्द बोलली तरी पुरे.

मी म्हणालो, काका, गाणं शेवटी. आधी एक महिना फक्त सा. आजोबांची पद्धत. काका बोटं मोजून म्हणाले, अहो, महिना तर तेवढाच उरलाय. मी उत्तरादाखल डोळे मिटले. आजोबाही असेच मिटत असावेत.

५ मार्च, सायं. ६

वर्ग पाचचा. पाचला मी चिंतनात होतो (आडवा). पावणेसहाला जाग आली. काका वेळेआधीच येतात आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून आईशी गप्पा छाटत बसतात. आई मटार सोलते, हे तिला ताई ताई म्हणतात. शिष्यानं असा वेळ घालवू नये. सुनावणारच होतो, पण आई समोर होती.

सा लावून दाखवला. काकांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, मास्तर, रागवू नका, पण ही लादी बद्द वाजते. बिचाऱ्याला स्वरांविषयी बोलायला शब्दच नाहीत. उद्यापासून भाषेचाही वर्ग.

९ मार्च

गाण्याचे शब्द उतरवून घेतले :

सुई गं सुई, हळूहळू जा,
बाळ माझं निजलंय, आवाज नको ना.

फारच घरगुती. दुपारभर बसून शुद्ध केलं :

हे सूचिके, मंदगतीने जा,
बाळ माझे निद्रिस्त, नको ध्वनी ना.

काका कागदाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, मास्तर, माझी आई दुसरी शिकलीय. मी म्हणालो, म्हणूनच! 'निद्रिस्त' त्यांच्या जिभेवर बसेना. पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं.

१२ मार्च, पहाटे ५.००

गजर झाला.

५.०१

बंद केला. गजर बेसूर आहे. असल्या सुरानं दिवसाची सुरुवात आजोबांनी खपवून घेतली नसती. चांगला गजर मिळेपर्यंत रियाज स्थगित.

सायं. : काकांनी पन्नास 'निद्रिस्त' आणले, लाद्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. लिहिताना दुकानातली माणसं हसत होती म्हणे. मी म्हणालो, तपश्चर्येला जग हसतंच.

१६ मार्च

घसा बसला. काल आइस्क्रीम खाल्लं होतं, पण खरं कारण अतिरियाजाची चिंता. वर्ग रद्द केल्याचा निरोप द्यायला विसरलो, त्यामुळे काका आलेच. मी अंथरुणातून कानोसा घेतला. स्वयंपाकघरातून काकांचा सा! स्वच्छ, सरळ, न हलणारा! मधूनमधून एका बाईचाही सा येत होता, त्याहून स्वच्छ. शेजारचा टीव्ही असावा.

मी खोलीबाहेर पाऊल न टाकता शिष्य तयार होतोय. याला म्हणतात परंपरा.

२० मार्च

काकांच्या प्रगतीबद्दल आईला सांगितलं. ती 'हं' म्हणाली. नंतर मी सा लावून बसलो, तर भांडी घासता घासता म्हणाली, खाली उतरतोयस, पोटातून लाव. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, कुणी नाही. तात्या मुलींना शिकवत नसत. अकरा शिष्यांचा चहा दोन वेळा मला न्यावा लागायचा. कप ठेवायचे आणि दाराबाहेर थांबायचे. लग्न होईपर्यंत, चौदा वर्षं.

उपयुक्त माहिती. तात्या म्हणजे खुद्द आजोबा, म्हणजे पुरावा पक्का. टिपून ठेवली : वर्गात चहाची सोय हवी.

२५ मार्च

काकांनी चाचरत विचारलं, मास्तर, तिचे मूळचेच शब्द ठेवले तर? मी म्हणालो, शुद्धतेत तडजोड नाही. काकांनी आईकडे बघितलं, आईनं मटारकडे बघितलं. काका म्हणाले, बरं.

माणूस हळूहळू घडतोय. आजोबांना माझा अभिमान वाटला असता.

२९ मार्च

कुर्त्याला इस्त्री केली. उद्या काका गुरूंचा उल्लेख करणारच, तेव्हा चार शब्द बोलावे लागतील. चार शब्द लिहून काढले. वाचायला पंचवीस मिनिटं लागतात.

आईही येणार म्हणते. येऊ दे. मुलाचं कौतुक आईनं बघायला हवं.

३० मार्च, सायं. ७.४०

आत्ताच परतलो. घडलं तसं लिहितो.

दुकानाच्या वर काकांचं घर. वीसेक माणसं. म्हातारी खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर चादर, शेजारी जुनं मशीन. काका म्हणाले, आधी माझ्या गुरूंना पुढे बसवतो. मी उठलो, कुर्ता सारखा केला, खिशातून भाषण काढलं, दोन पावलं पुढे गेलो. काका मला ओलांडून मागे गेले आणि माझ्या आईला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर घेऊन आले.

मी उभाच होतो, म्हणून पडदा सरळ केला. तो सरळच होता.

काका गायले. 'सुई गं सुई.' मूळचेच शब्द. एकही तडा नाही. म्हातारी खिडकीबाहेरच बघत होती, पण चादरीखाली तिचा पाय हलायला लागला, मशीन चालवताना हलतो तसा. काकांना तो दिसला आणि त्यांचा आवाज कापला. आईनं हातानंच ताल धरून त्यांना सावरलं. ते दुसऱ्या ओळीवर आले : 'बाळ माझं निद्रिस्त...'

पन्नास वेळा लिहिलेलं जिभेवर आलंच.

काका पांढरेफटक. पायही थांबला.

म्हातारीनं मान वळवली. म्हणाली, निद्रिस्त काय रे? निजलंय म्हण.

मग तिनं ती ओळ आपणच पुरी केली, फाटक्या आवाजात, पण सुरात. काकांना पुढे गाता येईना. ते तिच्या पायाशी खालीच बसले. ती म्हणाली, रडतोस काय घोड्यासारखा वाढून, जेवलास का?

परत येताना मी आईला म्हणालो, पाहिलंस ना? त्या बोलल्या त्या माझ्या शब्दामुळे. आई म्हणाली, हो रे राजा, तुझ्याचमुळे. अगदी गंभीरपणे म्हणाली. मग गल्ली संपेपर्यंत हसत होती.

भाषण खिशातच आहे. पुढेमागे उपयोगी पडेल.

३१ मार्च, सकाळी ११

काका नवी पाटी घेऊन आले. लादीचीच, निळ्या अक्षरांची. वर आईचं नाव, खाली 'गायन, रोज पाच वाजता'. दुकानातले तिघे, शेजारच्या दोघी आणि स्वतः काका, असे सहा शिष्य आजच पक्के झाले. भाषेचा उल्लेख नाही. मी विचारलं, जुन्या पाटीचं काय? काकांनी ती पेरानं ठोकून बघितली आणि मान तिरकी केली.

मलाही आईनं वर्गात घेतलंय. आधी एक महिना फक्त सा. मी म्हणालो, महिना जरा जास्तच होतो. आई म्हणाली, आजोबांची पद्धत. शिवाय चहाची सोय हवी, हे माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं तिनं वाचलंय. तेव्हा चहा माझ्याकडे.

सायं. ५.२०

सात कप घेऊन गेलो. पहिल्याच दिवशी आत बसायचं नाही, आधी ऐकायचं, असं आई म्हणाली. कप ठेवले आणि दाराबाहेर उभा राहिलो. दार वाऱ्यानं हलत होतं. त्या कुरकुरीत आईचा सा धड ऐकू येईना.

५.३०

दाराला तेल घातलं.