बोरीवलीहून आलेले लाडू

नितेश,

जान्हवी शनिवार-रविवार तुझ्याकडे बोरीवलीला येते, तेव्हा मी तिच्याबरोबर शंकरपाळ्यांचा डबा देते. तो नेहमी रिकामा, न धुतलेलाच परत येतो. आज त्यात रव्याचे लाडू होते, वेडेवाकडे. "बाबाने केलेत. रिकामा डबा परत देऊ नये म्हणाला," ती म्हणाली.

आपण एकत्र राहायचो तेव्हा तुझा ऑफिसचा डबा बॅगेतून मीच काढायचे, मीच घासायचे. सांगून सांगून थकले होते.

उद्या तिच्या शाळेच्या डब्यात हेच लाडू देईन. वेगळं काही करायचं त्राण नाही.

हे तुला पाठवणार नाहीये, म्हणून खरं सांगते. मघाशी ओट्यापाशी उभ्यानेच एक खाल्ला. चांगला झालाय रे. त्याचाच जास्त राग आला.

जान्हवीची आई,
रुचिरा